साडेपाचची मोटर

शाळेची घंटा झाली की सर शेजारच्याला विचारायचे, "झाली का?"

घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, स्टाफरूमच्या दारापासून चार पावलांवर टांगलेला. शिपाई टोला हाणायचा तेव्हा टेबलावरचे चहाचे कप थरथरायचे. तरी सर खडू हातात घेऊन उभेच. निदान दोघांनी "झाली" म्हटल्याशिवाय वर्गाकडे पाऊल उचलायचे नाहीत. मी शाळेत नवा शिक्षक होतो, मला वाटलं म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. म्हणून मी आपला चांगुलपणाने त्यांच्या कानाशी ओरडायचो, "झाली, सर!" चार दिवस त्यांनी सहन केलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "ओरडू नका हो. मला सगळं ऐकू येतं. नसलेलंसुद्धा येतं, म्हणून विचारतो."

हे गृहस्थ आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. नगर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. दहावीपर्यंतची शाळा, आणि मी गावातच एक खोली भाड्याने घेऊन राहिलेलो. सर केडगावला राहत आणि रोज जुन्या स्कूटरवरून येत. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. अंगाने काटकुळे, खिशाला दोन पेनं आणि बगलेत एक लांबट वही. तिला आम्ही 'कानांची वही' म्हणायचो. डावीकडे आवाज, मधे ऐकणाऱ्याचं नाव, उजवीकडे 'होता' किंवा 'नव्हता'. मुलांची हजेरी मांडायला ते कधीकधी विसरत, ही वही मात्र कधी नाही.

संशयी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझे मामा कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतात आणि चौथ्यांदा मामीला ओढायला लावतात. पण मामांचा संशय चोरांवर असतो. सरांचा पहिला संशय स्वतःवर, मग आमच्यावर, आणि चोराचिलटांचा नंबर सगळ्यात शेवटी.

एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. आतून काकूंनी हाक मारली, "अहो, ऐकलं का?" सर ढिम्म. मी अवघडून म्हणालो, "सर, काकू बोलावताहेत." त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. "पहिल्या हाकेला उठायचं नाही. ती आपल्या मनातली असू शकते. दुसरी आली की उठायचं." आम्ही दोघं दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो. शेवटी काकूच ट्रे घेऊन बाहेर आल्या, माझ्यापुढे कप ठेवला आणि सरांकडे न बघता म्हणाल्या, "लग्नाला चौतीस वर्षं झाली. दुसरी हाक मी मारतच नाही." सरांचा मोबाईल तेव्हा टीपॉयवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडलेला होता. खिशात ठेवला की न वाजताच थरथरतो, अशी त्यांची तक्रार. डब्यात ठेवला की डबाही खडखडतो, म्हणजे एक साक्षीदार झाला.

स्टाफरूमच्या घड्याळावरून तर त्यांनी आमच्यात भांडणच लावून दिलं. दुपारच्या सुट्टीत सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "याचा कुठला ठोका जड आहे?" मी म्हणालो, पहिला जड, दुसरा हलका. मराठीच्या बाई म्हणाल्या, छे, तीन-तीन ठोक्यांचे गट आहेत, नीट ऐका. पीटीच्या सरांना दुसरा जड वाटत होता. बाईंनी टेबलावर ताल धरून दाखवला, पीटीच्या सरांचा आवाज चढला, मी बाईंना "तुमचं लक्ष नाही" असं काहीतरी बोलून बसलो. मग सरांनी शांतपणे सांगितलं की सगळे ठोके अगदी एकसारखे असतात. त्यांचे गट पाडतो तो ऐकणारा. "कान नुसता आवाज आणून टाकतो. जड-हलकं डोकं ठरवतं," असं म्हणून त्यांनी वहीत आमची तिघांची नावं घातली आणि पुढे 'नव्हता' लिहिलं. बाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. माझ्याशी आठवडाभर.

आणि तो रेडिओचा तास. सातवीच्या वर्गावरून जात होतो, आत सरांनी जुना ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवला होता. नुसती खरखर. सर म्हणाले, "या खरखरीच्या मागे आपली सकाळची प्रार्थना लावली आहे. आवाज फार बारीक ठेवलाय. ऐकू आली की हात वर करा." मुलं श्वास रोखून बसली. थोड्या वेळाने पुढच्या बाकावरची एक मुलगी, मग तिची शेजारीण, मग सात-आठ, मग जवळजवळ निम्मा वर्ग. एकीने तर सांगितलं, "सर, आता दुसरं कडवं चालू हाय." मी दारात उभा होतो. मला सुरुवातीची पेटी ऐकू आली, आमची नेहमीची, एक पट्टी दबलेली. माझा हात खांद्यापर्यंत आला.

सरांनी रेडिओ बंद केला. "प्रार्थना लावलेलीच नव्हती."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हसू नका. ज्यांचे हात वर होते ती खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच ऐकू आली. मी सांगितलं, म्हणून ऐकू आली. उद्या मी दुसरं काही सांगितलं तर तेही ऐकू येईल." मग दाराकडे वळून मला म्हणाले, "तुमचंही नाव लिहितो."

म्हणजे मला हे सगळं आधीपासून माहीत होतं. म्हणूनच पुढे मी जे केलं त्याला माझ्याकडे सबब नाही.

पाणी राखून नाव कमावलेलं हिवरे बाजार आमच्यापासून फार लांब नाही. त्यांना जमलं तर आपल्याला का नाही, असं म्हणून आमच्या गावानेही ग्रामसभेत पाण्याचे नियम केले होते. त्यातला मोठा नियम असा, की होळी झाली की शेतीसाठी बोअरची मोटर लावायची नाही. जमिनीत उरलं असेल ते पाणी पिण्याला. गाव नियम पाळायचं, त्यात वाद नाही. पण स्वतःची मोटर बंद ठेवलेला माणूस शेजाऱ्याच्या रानाकडे फार बारकाईने कान लावून असतो. होळीनंतरचे ते महिने गावात कुणी कुणाशी सरळ बोलायचं नाही.

शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. मूळच्या पाथर्डीकडच्या. नवरा-बायकोने कित्येक वर्षं श्रीगोंद्याकडच्या कारखान्यांना ऊस तोडला होता. मुलगी मोठी व्हायला लागली तसं उसाच्या फडाजवळच्या कोप्यांतलं, पाचटाच्या झोपड्यांतलं राहणं नको म्हणून त्यांनी कोयता खाली ठेवला आणि आमच्या गावात आले. जमिनीचा मालक पुण्याला असे; शाळेमागची त्याची तीन एकर हे दोघं वाट्याने करत आणि रानातल्याच दोन खोल्यांत राहत. त्या रानात एक बोअर होता, नियमाप्रमाणे बंद. त्या वर्षी मार्चमध्ये सगळं शिवार पिवळं पडलं, आणि मावशींच्या खोल्यांमागचे चाऱ्याच्या लसूणघासाचे दोन वाफे मात्र हिरवेगार राहिले.

"मोटर चालवत्यात," असं कुणीतरी म्हणालं. पहिल्यांदा कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग वेळ ठरली, संध्याकाळचे साडेपाच. मग जागा ठरली, शाळेमागचा बांध. लोक तिथे जाऊन ऐकायला लागले. पहिल्या दिवशी दोघांना मोटर ऐकू आली, आठवडाभरात निम्म्या गावाला.

मीही गेलो. वारा सुटला होता, लांबून हायवेची घरघर येत होती. बांधावरचा एकजण म्हणाला, "कान द्या, सर. बारीक हाय, पन हाय." मी कान दिला, आणि घरघरीच्या मागून मोटर आली. एकसुरी, मधेच जराशी अडखळणारी. मला तर ती केवढी असेल तेही कळलं. "तीन एचपी," मी म्हणालो. आयुष्यात मी मोटरीला हात लावला नव्हता.

अर्ज तयार झाला. 'आम्ही खाली सह्या करणारांनी समक्ष ऐकले आहे' अशी सुरुवात. मालकाला कळवून वाटेकरी काढावा आणि शाळेने खिचडीचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं, अशी मागणी. सोमवारच्या ग्रामसभेत तो वाचला जाणार होता. मंजूर झाला असता तर मावशींचं घर आणि काम एका दिवसात गेलं असतं आणि दोघांच्या हातात पुन्हा कोयता आला असता. हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही होतं. शाळेतलं कुणीतरी हवं म्हणून लोक माझ्याकडे आले, आणि मी तिसरी सही केली. शिकलेल्या माणसाची सही म्हणून तिला वजन होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलं.

मग अर्ज घेऊन सरपंच सरांकडे आले. सर त्या दिवशी केडगावला गेले नाहीत. साडेपाचला बांधावर जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहिले.

"आली का, सर?" सरपंचांनी विचारलं.

"आली की. चांगली ऐकू येतेय."

सरपंचांनी पेन पुढे केलं. "मग करा सही."

"ती नाही करणार."

"का वो? आत्ताच तर आली म्हनला."

"मला आली, म्हणूनच नाही करणार."

सरपंच चिडून निघून गेले. दुसऱ्या दिवशी गावात पसरलं की सरांच्या घरी मावशींच्या रानातली वांगी पोचतात. मावशींच्या रानात वांगं नव्हतंच, पण तेवढं बघतो कोण? मीही सरांच्या स्कूटरच्या डिकीकडे दोनदा संशयाने बघितलं, हेही सांगून टाकतो.

शेवटी न राहवून त्यांना विचारलं, "सर, तुम्हाला ऐकू आली, मला आली, निम्म्या गावाला आली. अजून किती साक्षीदार हवेत?"

"निम्म्या गावाला एकाच माणसाने सांगितलं असेल, तर साक्षीदार एकच," सर म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "दुपारी दीड वाजता तुम्ही रोज व्हरांड्यात उभे असता. मावशी डोक्यावर काय नेतात?"

पातेली, ताटं, मुलांचे हात, सगळं धुतलेलं पाणी मावशी हंड्यांत धरून ठेवत आणि शाळेमागून आपल्या वाफ्यांना नेऊन घालत. रोज पाच-सहा खेपा. मी रोज बघत होतो. पॅंटवर शिंतोडे उडू नयेत म्हणून एकदा बाजूलाही सरकलो होतो. डोळ्यांसमोरून पाणी जात होतं आणि मी कानाने मोटर शोधत होतो. तरी तुम्हाला सांगतो, माझं मन मानेना. एवढ्याशा पाण्यावर दोन वाफे? आणि मी ऐकलं ते मग काय होतं?

रविवारी, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, सरांनी सरपंचांना निरोप धाडला. सह्या करणाऱ्या सगळ्यांनी साडेपाचला बांधावर यावं, एकदा मिळून ऐकू, मग माझीही सही घ्या. वीसेक माणसं जमली. गावचा वायरमन, सरांचाच जुना विद्यार्थी, मान खाली घालून कडेला उभा होता. सर बांधावरच्या दगडावर कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसले. खाली, हाकेच्या अंतरावर, मावशी आणि त्यांचा नवरा आपल्या दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

वारा होता, हायवे होता. "सगळे शांत राहा," सर म्हणाले. "मोटर ऐकू आली की हात वर करा."

तेव्हा मला सातवीचा वर्ग आठवायला हवा होता. आठवलाही, पण तोवर माझा हात वर गेलेला होता. एकेक करून सगळ्यांचे गेले. सरपंचांचा गेला. सर्वांत शेवटी सरांनी स्वतःचाही हात वर केला.

"आता तू सांग," ते वायरमनला म्हणाले.

वायरमन पुटपुटला, "शेतीची लाइन बंद हाय. साडेचारलाच डीपीचं फ्यूज काढल्यात."

सरांनी पिशवीत हात घातला आणि चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज एकेक करून दगडावर मांडले. "त्याला रागावू नका, मी सांगितलं होतं," ते म्हणाले. कुणालाच हात खाली घ्यायचं सुचेना.

पहिला भानावर आला तो एक म्हातारा. "मंग डिझेल इंजिन असंल!"

"धूर दाखवा," सर म्हणाले.

सरपंच खाली उतरले आणि बोअरपाशी गेले. इतक्या दिवसांत बोअर कुणी जाऊन बघितलाच नव्हता. ऐकलं होतं ना, मग बघायचं कशाला? मोटर वर काढून बोअरवर झाकण बसवलेलं होतं, त्याचे नट गंजून जागच्या जागी बसले होते, कुणी पाना लावल्याची खूण नव्हती. सरपंच वर आले, अर्जाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "चला." तो अर्ज ग्रामसभेत आलाच नाही.

सरांच्या बरोबर स्कूटरपर्यंत गेलो. मला वाटलं, माणूस खुशीत असेल. त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "फ्यूज माझ्या मांडीवर होते. तिन्ही. तरी मला मोटर ऐकू येत होती. मी हात उगाच वर नव्हता केला."

सोमवारी खिचडीच्या वेळी मी माफी मागायला स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण मावशींनीच विचारलं.

"तुमी बी सही केली हुती ना, सर?"

"हो."

"खरंच आली हुती का ऐकू?"

"हो, मावशी. खरंच आली होती."

त्यांनी पातेल्यात डाव फिरवला. "मला बी आली हुती," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या मला टोमणा मारताहेत. पण नाही. "सारं गाव म्हनतंय म्हटल्यावर मला बी घरात बसून यायला लागली. ह्यांना म्हनलं, माझ्या माघारी मोटर लावता का, खरं सांगा. पोरीची शपथ घातली. ते दोन दिस जेवले न्हाईत. आता सरांनी फ्यूज दावलं, गाव गप झालं. पन साडेपाच झालं की मी कान देते, सर. आन मी कान देते का, ते ह्ये बघत्यात. येकमेकाशी बोलत न्हाई आमी."

मला फार लाज वाटली. गावाने त्यांचं घर घ्यायचं ठरवलं होतं ते वाचलं, पण माझ्या त्या तिसऱ्या सहीने घराच्या आत काय करून ठेवलं होतं, ते मला तोवर माहीत नव्हतं. मी सरळ सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडली नाही. नुसतं "असं होय," म्हणाले.

त्या दिवसापासून सर रोज शाळा सुटल्यावर मावशींच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. गावाने पुन्हा नाकं मुरडली, वांग्यांची गोष्ट पुन्हा वर आली. सर तिथे चहा प्यायचे, आणि साडेपाच झाले की नवऱ्याला आणि बायकोला आळीपाळीने विचारायचे, "आली का?" आली असेल तर आली म्हणायचं, लाजायचं नाही. मात्र मोटर चालू आहे असं म्हणायचं नाही. एवढा एकच नियम. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला म्हणे, "सर, मला बी येतीया. माझ्याच रानात मोटर न्हाई ह्ये मला ठावं हाय, तरी येतीया." मावशींनी त्याच्याकडे वळून बघितलं. आपल्या नवऱ्यालाही ती ऐकू येते, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पंधरा दिवसांनी सरांनी मलाही ओढून नेलं. नको म्हणत होतो, पण ते म्हणाले, "वहीत तुमचं नाव आहे, यावंच लागेल." मी ओट्याच्या कडेला बसलो. नवऱ्याने मला पाणी दिलं, माझ्याशी नीट बोलला, आणि त्यामुळे मला आणखीच अवघडल्यासारखं झालं. मावशी पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. साडेपाच झाले.

"आली का?" सरांनी मला विचारलं.

मी ऐकलं. वारा होता, हायवे होता, आणि त्यामागे ती होतीच. "आली," मी म्हणालो. किती एचपी ते सांगितलं नाही.

"मलाही," सर म्हणाले, आणि दोन्ही नावं लिहिली.

"थोडी," नवरा म्हणाला.

मावशींनी मान वर केली नाही. "मला आज न्हाई आली," त्या म्हणाल्या.

नवरा बायकोकडे बघतच राहिला. सरांचं पेन थांबलं. चष्म्याच्या वरून मावशींकडे संशयाने बघत ते म्हणाले, "नक्की?"

"नक्की," मावशी म्हणाल्या आणि सूप नवऱ्यापुढे सरकवलं. "घ्या, जरा खडे बघा."